दिवसाची वीज, संध्याकाळची मागणी: महाराष्ट्राच्या वीजपुरवठ्यापुढील अडचणी आणि सौरऊर्जेचे गणित

महाराष्ट्राकडे पुरेशी वीज आहे का, या प्रश्नाचे उत्तर दुपारी एक वाजता वेगळे असते आणि संध्याकाळी साडेसात वाजता वेगळे असते. उन्हाच्या दिवसांत भर दुपारी ऊर्जा विनिमय बाजारात सौरविजेची रेलचेल असते आणि तिचा दर युनिटला दोन-तीन रुपयांपर्यंत खाली येतो. सूर्य मावळल्यावर त्याच बाजारात दर अनेकदा नियामकाने घालून दिलेल्या कमाल मर्यादेला, म्हणजे युनिटला १० रुपयांना, जाऊन टेकतो. राज्याच्या वीजव्यवस्थेपुढे आज जे प्रश्न उभे आहेत, त्यांतील बऱ्याच प्रश्नांचे मूळ तासांच्या या तफावतीत आहे. ती समजून घेतली नाही, तर ‘सौरऊर्जा आली, आता वीज स्वस्त होणार’ आणि ‘सौरऊर्जेच्या भरवशावर राज्य चालत नाही’ ही दोन्ही सरसकट विधाने सारखीच पटण्याजोगी वाटू लागतात.

पुढे जाण्यापूर्वी दोन मापांतील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. एका क्षणी किती वीज वाहते आहे, हे किलोवॅट किंवा मेगावॅट सांगते. ठरावीक वेळात एकूण किती वीज वापरली गेली, हे युनिट सांगते. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप साधारण पावणेचार किलोवॅट वीज घेतो आणि आठ तास चालला, तर सुमारे ३० युनिट खर्च करतो. घरगुती बिल प्रामुख्याने युनिटांवर येत असले, तरी वीजव्यवस्था उभारावी लागते ती मेगावॅटच्या हिशेबाने, कारण वीज तयार होते त्याच क्षणी ती वापरली जावी लागते. राज्याची कमाल मागणी आता ३० हजार मेगावॅटच्या आसपास पोहोचली आहे, आणि ती वर्षातून मोजके तासच इतकी चढत असली, तरी तेवढ्या तासांसाठी केंद्रे, तारा आणि रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) वर्षभर सज्ज ठेवावी लागतात.

ही सज्जता ठेवणारी यंत्रणा अनेक हातांत विभागलेली आहे. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर, जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले आणि निर्मितीसाठी महानिर्मिती, पारेषणासाठी महापारेषण व वितरणासाठी महावितरण अशा कंपन्या अस्तित्वात आल्या. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर आणि अदानी इलेक्ट्रिसिटी वितरण करतात, तर मुंबईबाहेर जवळजवळ सर्वत्र महावितरण. दर ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे आहे. त्यामुळे ‘वीज मंडळाने दर वाढवले’ असे आपण सवयीने म्हणतो, तेव्हा ते मंडळही आता राहिलेले नसते आणि तो निर्णयही कंपनीचा एकटीचा नसतो.

या व्यवस्थेचा भूगोल मुळातच अवघड आहे. कोळसा विदर्भात आहे आणि कारखाने व मोठी शहरे प्रामुख्याने पश्चिमेला आहेत. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे आहे, गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याचा खासगी प्रकल्प ३३०० मेगावॅटचा. तेथील वीज राज्य ओलांडून पश्चिमेकडे आणावी लागते. त्यासाठीच चंद्रपूरपासून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची, १५०० मेगावॅट क्षमतेची उच्चदाब एकदिश वाहिनी १९९९ मध्ये उभारण्यात आली. औष्णिक केंद्रांना कोळशाइतकेच पाणीही लागते, ही बाब चर्चेत मागे पडते. परळीचे केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. मराठवाड्यासारख्या तुटीच्या प्रदेशात पिण्याचे पाणी, शेतीचे पाणी आणि विजेसाठीचे पाणी एकाच जलाशयातून मागितले जाते, तेव्हा सौरऊर्जेचा विचार केवळ प्रदूषणाच्या मुद्द्यावर करून भागत नाही. पॅनेल धुण्यापुरते पाणी सोडले, तर तिला पाणी लागत नाही, हा तिचा येथील मोठा गुण आहे.

शेतीला रात्रीची वीज का मिळत आली

महावितरणच्या विजेपैकी साधारण पंचवीस ते तीस टक्के हिस्सा कृषिपंपांचा आहे आणि पंपधारक शेतकऱ्यांची संख्या ४५ लाखांच्या घरात आहे. दिवसा कारखाने, कार्यालये आणि बाजारपेठा चालू असत, तेव्हा वीज कमी पडे. मध्यरात्रीनंतर ही मागणी उतरे, परंतु औष्णिक संच रात्रीपुरते बंद करून सकाळी पुन्हा चालू करणे खर्चाचे व धोक्याचे असल्याने ते चालूच ठेवावे लागत. रात्रीच्या या शिलकी विजेला गिऱ्हाईक हवे होते, आणि ज्याच्या वापराची वेळ सरकवता येते असे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे शेती. म्हणून आठवड्याचे काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री आठ ते दहा तास थ्री फेज पुरवठा, असे चक्राकार वेळापत्रक वर्षानुवर्षे चालत आले. व्यवस्थेच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते. त्याची किंमत मात्र थंडीच्या रात्री बॅटरीच्या उजेडात दारे धरणाऱ्या शेतकऱ्याने, साप-विंचवाच्या आणि जुन्नरसारख्या भागात बिबट्याच्या धास्तीने मोजली. ती कोणत्याही वीजदर आदेशात दिसत नाही.

या वेळापत्रकाचे तांत्रिक परिणामही झाले. रात्री उठणे टाळण्यासाठी शेतकरी पंपाला ‘ऑटो स्विच’ लावतात. वीज आली की एका डीपीवरचे (वितरण रोहित्रावरचे) सगळे पंप एकदमच सुरू होतात, आणि मोटार सुरू होताना तिच्या नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह खेचत असल्याने रोहित्रावर क्षणार्धात प्रचंड ताण येतो. त्यात आकडे टाकून घेतलेल्या जोडण्या आणि कागदावर तीन, पण प्रत्यक्षात पाच अश्वशक्तीच्या मोटारी यांची भर पडली, की डीपी जळते आणि ऐन रब्बीत पिके वाळत असताना नव्या रोहित्रासाठी धावाधाव सुरू होते. पंपाला कपॅसिटर लावल्यास हा ताण बराच कमी होतो. परंतु ऑटो स्विच दिसला की कपॅसिटर दिसत नाही, अशीच बहुतेक विहिरींवरची स्थिती आहे.

दूरच्या पंपापर्यंत पोहोचताना विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होणे हा याच साखळीतील पुढचा दुवा. तारेत होणारी गळती विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच वीज ११ केव्ही (किलोव्होल्ट) दाबाऐवजी ३३ केव्हीने नेली, तर प्रवाह एक तृतीयांश होतो आणि त्याच तारेतील गळती एक नवमांशावर येते. आपल्याकडे उलट घडले: ११ केव्हीच्या वाहिन्या गावागावांतून लांबत गेल्या आणि त्यांच्या शेपटाला असलेल्या शेतकऱ्याच्या वाट्याला पंप धड चालणारही नाही आणि बंदही पडणार नाही, असा दाब आला. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात गावठाणाची वाहिनी शेतीपासून वेगळी करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले, जेणेकरून पंप बंद असतानाही घरांत दिवे राहावेत. त्या वेळी ही तात्पुरती मलमपट्टी वाटली असेल. प्रत्यक्षात पुढच्या सौर योजनेचा पाया त्या कामाने घातला, कारण केवळ शेतीच्या अशा वेगळ्या वाहिन्या नसत्या, तर शेतीला दिवसाच्या उन्हाशी जोडणे शक्यच झाले नसते.

उपकेंद्राशेजारचा सौर प्रकल्प

२०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि तिच्या प्रारंभीच्या प्रकल्पांसाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही गावे निवडण्यात आली. पहिली काही वर्षे योजना रडतखडत चालली. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली, तिचे उद्दिष्ट आधी ७००० मेगावॅट होते आणि नंतर ते १६ हजार मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आले. कल्पना साधी आहे. राज्याच्या एका कोपऱ्यात हजारो मेगावॅटचे सौर उद्यान उभारून तेथून लांबवर तारा ओढण्याऐवजी, ज्या ३३/११ केव्ही उपकेंद्रातून शेतीच्या वाहिन्या निघतात, त्याच्या पाच-दहा किलोमीटरच्या परिघात काही मेगावॅटचा प्रकल्प उभा करायचा आणि त्याची वीज थेट त्या उपकेंद्रात सोडायची. दिवसा तयार झालेली वीज दिवसा, जवळच्या जवळ पंपांना मिळते. पारेषणाच्या मोठ्या वाहिन्यांवर भार येत नाही आणि गळतीही घटते.

हिशेब करून पाहू. आपल्याकडील उन्हात १ मेगावॅटचा प्रकल्प वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार ते साडेचार हजार युनिट देतो. म्हणजे २०-२५ एकरांवर उभा असलेला ५ मेगावॅटचा प्रकल्प २० हजारांहून अधिक युनिट देईल, आणि त्यातून पाच अश्वशक्तीचे सहाशेहून अधिक पंप आठ तास चालू शकतील. पावसाळ्यात ढगांमुळे उत्पादन घटते, पण तेव्हा पंपांची गरजही घटलेली असते. आणि ऑगस्टमध्ये पावसाने मोठा खंड दिला, तर आकाश निरभ्र होऊन पाण्याच्या गरजेबरोबर उत्पादनही वाढते. शेतीची गरज आणि सूर्याचा दिनक्रम यांचा असा मेळ इतर कोणत्याही प्रकारच्या ग्राहकात सापडत नाही.

पैशाची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. या प्रकल्पांची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास, २५ वर्षांच्या कराराने मिळते, तर महावितरणचा पुरवठ्याचा सरासरी खर्च आठ-नऊ रुपयांच्या आसपास आहे. आजवर शेतीला स्वस्त वीज देण्याचा भार दोघांनी उचलला: एक राज्याची तिजोरी आणि दुसरा उद्योग व व्यापारी ग्राहक, ज्यांना खर्चापेक्षा जास्त दर लावून ती तूट भरली जाते. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. तरीही कृषिपंपांची थकबाकी ५० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय झाल्यावर तिजोरीवरील भार आणखी वाढला. शेतीसाठी लागणारी वीजच स्वस्त झाली, तर हा भार हलका होऊ शकतो, असा या योजनेमागचा युक्तिवाद आहे, आणि माझ्या मते तो तिचा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. मात्र तीन रुपये हा उपकेंद्राच्या दारातील दर आहे. तेथून पंपापर्यंतच्या तारा, रोहित्रे, कर्मचारी आणि ढगाळ दिवशी बाहेरून घ्यावी लागणारी वीज यांचा खर्च त्यात नाही.

जमिनीचा प्रश्न यातच येतो. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी त्यात तीन टक्के वाढ, ही अट कोरडवाहू, खडकाळ जमिनीच्या मालकाला नक्कीच आकर्षक आहे. परंतु सरकारी जमीन म्हणून जेथे गायरान दिले जाते, तेथे त्यावर ज्यांची गुरे चरतात, त्या बहुतेकदा भूमिहीन कुटुंबांना भाडेही मिळत नाही आणि कुरणही राहत नाही. ग्रामपंचायतींना मिळणारे अनुदान या कुटुंबांच्या नुकसानीची भरपाई ठरत नाही. गावांतून या प्रकल्पांना होणारा विरोध म्हणजे प्रगतीला विरोध, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. योग्य मात्र नाही.

याच्या जोडीला ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही स्वतंत्र योजना आहे. तीत शेतकरी खर्चाचा दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी पाच टक्के वाटा भरतो आणि जमिनीच्या क्षेत्रानुसार तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. जेथे तार पोहोचवणे महाग आहे, तेथे ती उपयोगाची आहे. मात्र पाण्याची गरज नसलेल्या दिवसांत त्या पॅनेलची वीज वाया जाते, कारण ती विजेच्या जाळ्याला (ग्रिडला) जोडलेली नसते. शिवाय दिवसाची आणि फुकटची वीज हाताशी आल्यावर भूजल किती उपसले जाईल, हा प्रश्न दोन्ही योजनांना लागू होतो. ज्या तालुक्यांत बोअर आधीच खोल गेले आहेत, तेथे रात्रीची गैरसोय हाच उपशावरचा एक लगाम होता, हे कटू असले तरी खरे आहे.

सूर्य मावळल्यानंतर

शेतीचा भार दिवसात सरकवला, की रात्रीची मागणी घटते. संध्याकाळी सहा ते दहाची मागणी मात्र घटत नाही, कारण ती घरांची, दुकानांची आणि वातानुकूलन यंत्रांची आहे. दुपारी सौरवीज भरपूर असते तेव्हा औष्णिक संचांना उत्पादन कमी करावे लागते, आणि सूर्य कलला की तेच संच तास-दोन तासांत पुन्हा वर न्यावे लागतात. कोळशाचा संच एका मर्यादेखाली चालवता येत नाही आणि त्याला वर चढायलाही वेळ लागतो. सौर क्षमता जितकी वाढेल, तितका हा संध्याकाळचा चढ उभा होत जातो.

हा चढ चढण्याचे महाराष्ट्राचे जुने साधन म्हणजे कोयना. तेथील एकूण १९६० मेगावॅटचे संच काही मिनिटांत पूर्ण क्षमतेला येऊ शकतात, म्हणूनच त्यांचा वापर प्रामुख्याने कमाल मागणीच्या वेळी केला जातो. पण कोयनेचे पाणी मोजून मिळते. १०५ टीएमसीच्या धरणातून विजेसाठी पश्चिमेकडे वळवण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पश्चिमेकडे वळवलेले पाणी वीज देऊन वाशिष्ठीमार्गे समुद्राला मिळते, तर पूर्वेकडे सोडलेले पाणी टेंभू-ताकारीसारख्या उपसा योजनांमधून सांगलीच्या दुष्काळी भागाला मिळते. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी पूर्वेची मागणी वाढते आणि विजेचा वाटा आक्रसतो. म्हणजे कोयना हा चांगल्या पावसाच्या वर्षीचा आधार आहे, आणि आधाराची गरज तर वाईट वर्षी जास्त असते.

दुसरे साधन उदंचन जलविद्युत प्रकल्पांचे. दुपारच्या स्वस्त विजेने खालच्या जलाशयातील पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी तेच खाली सोडून वीज घ्यायची. शंभर युनिट खर्च केले, तर ७५ ते ८० परत मिळतात. दुपार-संध्याकाळच्या दरांतील फरक मोठा असेल, तर ही घट परवडते. थोड्या अंतरात शेकडो मीटरचा उतार देणारा सह्याद्रीचा कडा यासाठी फार अनुकूल आहे. अकोले तालुक्यातील घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प अनेक वर्षे चालू आहे, आणि भिवपुरी येथे १००० व शिरवता येथे १८०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला. १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांतील पाण्यावर खोपोलीला वीज तयार करून ती मुंबईच्या गिरण्यांना देणारा हाच परिसर शंभर वर्षांनी साठवणुकीसाठी निवडला जावा, यात नवल नाही; घाट तोच आहे. मात्र या जागा पश्चिम घाटाच्या संवेदनशील पट्ट्यात येतात आणि बांधकामाला काही वर्षे लागतात. तोपर्यंत बॅटरी साठवणूकच वेगाने उभारता येण्यासारखी आहे, पण ती दोन-चार तासांची सोय आहे. सलग चार ढगाळ दिवस तिच्या बळावर निघत नाहीत.

पवनऊर्जेकडे महाराष्ट्राने लवकर लक्ष दिले. साताऱ्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे आणि धुळ्यातील ब्राह्मणवेल या पठारांवर मोठे प्रकल्प उभे राहिले. वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात जोरात असतो आणि रात्रीही वाहतो, म्हणजे सौरऊर्जा जेथे उणी पडते तेथे तो पूरक ठरतो. साखर कारखान्यांची उसाच्या चिपाडापासूनची वीज गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, मिळते आणि ती रात्रंदिवस चालते. या दोघांची उपयुक्तता त्यांच्या युनिटांपेक्षा त्यांच्या वेळेत आहे, आणि करारात ती वेळ मोजली जात नाही, तोवर त्यांना योग्य भाव मिळणार नाही.

ग्राहकाच्या बाजूनेही वेळ मोजणे सुरू झाले आहे. केंद्राने २०२३ मध्ये केलेल्या नियमांनुसार सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान वीस टक्के कमी, तर कमाल मागणीच्या तासांतील दर व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी किमान वीस टक्के आणि इतरांसाठी किमान दहा टक्के जास्त असावा, अशी दिशा ठरली. शेतीला यातून वगळले आहे. छतावरील सौर संचांच्या मालकांना हे टोचते, कारण ते दुपारी जाळ्यात दिलेली वीज रात्री परत घेतात आणि आजवर दोन्हींचे मोल सारखेच धरले जात होते. त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे, पण दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट यांची किंमत एक नाही, हेही तितकेच खरे. अधिक गंभीर प्रश्न वेगळाच आहे: जास्त दर भरणारे उद्योग आणि घरे स्वतःची सौरवीज वापरू लागली, की क्रॉस सबसिडी भरणारेच कमी होतात आणि तारांचा स्थिर खर्च उरलेल्या, तुलनेने गरीब ग्राहकांवर येतो.

जाळ्याच्या स्थैर्याचाही विचार करावा लागतो. देशभरचे जाळे ५० हर्ट्झच्या वारंवारितेवर (फ्रिक्वेन्सीवर) एकत्र चालते. २०१३ च्या अखेरीस रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे जोडले गेल्यावर ते खऱ्या अर्थाने एक झाले. एखादा मोठा संच अचानक बंद पडला, तर औष्णिक व जलविद्युत केंद्रांची अवजड चक्रे, हात सुटल्यावरही काही क्षण फिरत राहणाऱ्या जात्याप्रमाणे, वारंवारिता लगेच कोसळू देत नाहीत. सौर पॅनेलला फिरणारे चक्र नसते, त्यामुळे ही उसंत इन्व्हर्टरच्या नव्या तंत्राने व साठवणुकीने द्यावी लागते. वाहिन्यांची कमतरता किती महाग पडते, हे १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईने पाहिले: कळवा-पडघे परिसरातील ४०० केव्ही वाहिन्या एकापाठोपाठ बंद पडल्या, शहराला उर्वरित जाळ्यापासून वेगळे काढून सुरक्षित ठेवणारी यंत्रणा टिकली नाही, आणि लोकल गाड्यांसह सारे ठप्प झाले. त्यानंतर २०२३ मध्ये खारघर–विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी कार्यान्वित झाली. मुंबईला छतावरच्या उन्हावर जगता येणार नाही. तिला बाहेरून येणाऱ्या मजबूत तारा लागतीलच.

ग्रामीण भागात मात्र तारांचा प्रश्न याच्या अगदी उलट टोकाला, शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये आहे. सौर प्रकल्प उपकेंद्रापर्यंतचा प्रश्न सोडवतो. तेथून पुढे तीच जुनी ११ केव्हीची वाहिनी, तेच वाकलेले खांब, तीच तेल गळणारी डीपी आणि अनेक गावांचा भार एकट्याने सांभाळणारा वायरमन. पूर्वी वाहिनीत बिघाड झाला, तर पंप बंद राहत. आता पंपांबरोबर सौर प्रकल्पही भर दुपारी बंद राहतो, कारण उपकेंद्र बंद असताना त्याला वीज सोडायला जागाच नसते. वाया गेलेले ते तास रात्री भरून काढता येत नाहीत. योजनेत उपकेंद्रांच्या देखभालीसाठी वेगळा निधी ठेवलेला आहे, तो याचसाठी. तो उपकेंद्राच्या कुंपणाबाहेरच्या तारांपर्यंत, रोहित्रांपर्यंत आणि रिक्त जागा भरण्यापर्यंत पोहोचतो की नाही, यावर १६ हजार मेगावॅटपैकी प्रत्यक्ष पंपापर्यंत किती जातील, हे ठरेल.